दुसरी किल्ली

बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते. एक किल्ली हेड कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे समोरासमोर उभे असल्याशिवाय दार उघडायचे नाही, असा नियम. त्याला 'जॉइंट कस्टडी' म्हणतात आणि बँकेत नव्याने चिकटलेल्या पोराला तो पहिल्या आठवड्यातच ऐकवला जातो. मीही ऐकला होता. नोकरीच्या चौथ्या वर्षी बँकेने मला दहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवले, तेव्हा तर त्यावर एक अख्खे लेक्चर झाले. ते दहा दिवस मी कसे घालवले म्हणाल, तर दुपारच्या लेक्चरला डुलक्या आणि संध्याकाळी बालगंधर्वला नाटके. प्रशिक्षण म्हणजे साहेबांनी मंजूर केलेली भरपगारी रजा, अशीच आम्हा सगळ्यांची समजूत होती.

पुढे १९८९ साली मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत अकाउंटंट होतो. हेड कॅशियर माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, त्याच गावचे. अख्खी शाखा त्यांना अण्णा म्हणायची. त्या वर्षी माझ्या वडिलांचे दुखणे निघाले. त्यांना तेव्हाच्या औरंगाबादला दवाखान्यात ठेवले होते. सकाळची एस.टी. गाठायची तर तिजोरी उघडेपर्यंत थांबणे शक्य नसायचे. अण्णाच म्हणाले, "साहेब, किल्ली ठेवून जा. मी आहे ना." मी ठेवून गेलो. एकदा गेलो, दोनदा गेलो, आणि मग ती किल्ली अण्णांच्या ड्रॉवरमध्येच मुक्कामाला राहिली.

तीन महिन्यांनी फाटक्या नोटांची रवानगी झाली आणि वर मोजणीत पाकिटागणिक एखाददुसरी नोट कमी भरली. सगळे मिळून अकरा हजार आणि काही रुपये. आज रक्कम किरकोळ वाटेल. तेव्हा तो माझा तीन महिन्यांचा पगार होता. अण्णांच्या मुलीचे लग्न ठरले होते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. त्यांची नोकरी गेली. मला आरोपपत्र मिळाले आणि दोन वेतनवाढी बुडाल्या. अण्णांना चोर म्हणायला जीभ अजूनही रेटत नाही. तिजोरी त्यांनी फोडलीच नव्हती. मीच ती त्यांना उघडून दिली होती.

हे सारे इतक्या वर्षांनी आठवायला कारण झाला एक रशियन कारखाना. गेल्या पावसाळ्यात एका कादंबरीसाठी टिपणे काढत होतो. कादंबरी राहिली बाजूला आणि मी भलत्याच वाचनात शिरलो. मॉस्कोच्या दक्षिणेला पोदोल्स्क नावाचे शहर आहे. तिथे 'लुच' नावाची अणुसंस्था. १९९२ साली, म्हणजे सोव्हिएत युनियन कोसळून वर्षही उलटले नव्हते तेव्हा, तिथल्या एका रसायन अभियंत्याने ९० टक्के समृद्ध केलेले युरेनियम थोडेथोडे करून बाहेर नेले. बॉम्बच्या प्रतीचा माल. महागाईने रशियातल्या पगारदाराचे कंबरडे मोडले होते. चार-पाच महिने तो दर खेपेस चिमूटभर माल उचलत राहिला. जमले किती, तर सुमारे दीड किलो. ठेवले कुठे, तर घराच्या बाल्कनीत!

कारखान्याला पत्ता कसा लागला नाही? उत्तर वाचून माझ्यातला बँकवाला ताडकन उठून बसला. प्रक्रियेत थोडा माल वाया जायचाच, असे धरून तिथे काही टक्के तूट आधीच मंजूर करून ठेवलेली होती. किराणा दुकानदार उंदीर-घुशींच्या नावाने जशी धरतो तशी. अभियंता काम चोख करायचा, तूट मंजुरीपेक्षा कमी यायची आणि वाचलेला माल त्याच्या खिशात जायचा. वह्या जुळत होत्या, आणि जुळलेल्या वहीकडे कोण कशाला पाहतो? आमच्याकडे पाच पैशांचा फरक आला तर रात्री अकरापर्यंत अख्खी शाखा व्हाउचरे उलटत बसायची. बायका घरी शिव्या घालायच्या. पाच पैसे पदरचे टाकून मोकळे का होत नाही, असे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात विचारले गेले होते. पाच पैशांच्या फरकामागे कधी कधी पाच हजारांच्या दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात, हे घरी समजावून सांगणे कठीण.

तो अभियंता सापडला तोही योगायोगाने. शहरातल्या रेल्वे स्टेशनवर त्याला त्याचे शेजारी भेटले. त्या शेजाऱ्यांवर बॅटऱ्या चोरल्याचा संशय होता. पोलिसांनी सगळ्यांनाच धरले आणि याच्या सामानात युरेनियम निघाले. त्याला काय हवे होते? फ्रीज, स्वयंपाकाची शेगडी, घराची थोडी डागडुजी. हे त्याने नंतर मुलाखतीत सांगितले आहे. मला अण्णांच्या मुलीचे लग्न आठवले.

दीड किलोत बॉम्ब होत नाही. व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हिशेबासाठी अशा युरेनियमचा २५ किलोचा आकडा धरते. पण एका कारखान्यात एक जण सापडला, न सापडलेले किती, हा प्रश्न तेव्हा जगाला पडला आणि त्यातूनच आजच्या माझ्या विषयाचा जन्म झाला. आपल्याकडे अणूची चर्चा म्हणजे एक तर बॉम्ब, नाही तर जैतापूर. अणुभट्टी फुटू नये, किरणोत्सर्ग होऊ नये, ही झाली सुरक्षितता. माणसाला त्या पदार्थापासून वाचवायचे. दुसरी बाजू उलटी आहे. त्या पदार्थाला माणसापासून वाचवायचे. लोभी माणसापासून, माथेफिरूपासून आणि त्याहून अधिक दमलेल्या, विसरलेल्या, भिडस्त माणसापासून. ही झाली सुरक्षा. ती भिंतीत नसते, शिकवलेल्या माणसात असते. आणि शिकवणे हे काम एकट्या देशाचे राहिलेले नाही.

१९९२ नंतर एक अजब गोष्ट घडली. चाळीस वर्षे एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसलेले अमेरिका आणि रशिया यांचे तज्ज्ञ एका टेबलाशी बसले. अमेरिकी माणसे रशियन कारखान्यांत जाऊन काटे बसवू लागली, सील कसे लावायचे, साठ्याची वही कशी ठेवायची, दारात किरणोत्सार टिपणारी कमान कशी उभी करायची, हे दाखवू लागली. कझाकस्तानात सुमारे ६०० किलो समृद्ध युरेनियम बेवारशासारखे पडले होते. ते १९९४ मध्ये विमानाने उचलून अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिजला नेले. सुरक्षित जागा म्हणून.

त्याच ओक रिजच्या कोठारात २८ जुलै २०१२ च्या पहाटे एक ८२ वर्षांची जोगीण शिरली. सिस्टर मेगन राइस तिचे नाव. बरोबर दोन साथीदार, तेही उतारवयाकडे झुकलेले. अण्वस्त्रांना विरोध हे त्यांचे व्रत. तारा कापण्याच्या कात्रीने त्यांनी एकामागून एक कुंपणे कापली, युरेनियमच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत पोचले, भिंतीवर घोषणा लिहिल्या आणि पहारेकऱ्याची वाट पाहत राहिले. धोक्याची घंटा वाजली नाही असे नाही. पण ती एरवीही सारखी वाजायची, कधी जनावराने, कधी वाऱ्याने. कॅमेरे बंद होते आणि दुरुस्ती यादीत होती. पहारेकरी आला तेव्हा त्याला त्यांनी पाव देऊ केला.

खरी गंमत पुढे आहे. या प्रकरणानंतर पहारेकऱ्यांना पुन्हा शिकवायचे ठरले, परीक्षाही ठेवली. आणि परीक्षेआधी तपासनिसाला गस्तीच्या एका गाडीत काय मिळाले? त्याच परीक्षेची प्रश्नपत्रिका, उत्तरांसकट. दहावी-बारावीचे पेपर फुटतात म्हणून आपण उगीच आपल्या महाराष्ट्राला नावे ठेवतो! हे वाचून मी मनापासून हसलो, आणि मग बालगंधर्वची संध्याकाळची तिकिटे आठवून गप्प बसलो. प्रशिक्षणाला हजेरी लावणे वेगळे आणि शिकणे वेगळे. ज्या देशाने जगाला कुलूप लावायला शिकवले, त्याचीही ही तऱ्हा. तेव्हा अमुक देश गुरू आणि तमुक शिष्य, ही मांडणी मला मान्य नाही. शिकवणाऱ्याने आधी आपले चुकलेले सांगावे. ते जिथे सांगितले जाते, तोच खरा वर्ग.

आता सांगतो ब्राझीलची गोष्ट, कारण तिच्यात बॉम्ब नाही, हेर नाही, फक्त भंगार आहे. गोयानिया नावाच्या शहरात कर्करोगावर किरणांचे उपचार करणारा एक दवाखाना जागा बदलून गेला आणि यंत्र जुन्या इमारतीतच राहिले. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघांनी ते उचकटून भंगारवाल्याला विकले. आत सीझियमची पूड होती, शंभर ग्रॅमसुद्धा नाही. रात्री निळसर चमकायची. भंगारवाल्याने कौतुकाने पै-पाहुण्यांना वाटली. अंगाला फासली कुणी, तर कुणी घरी नेऊन पोरांना दाखवली. घरातली माणसे आजारी पडू लागली तेव्हा संशय आला तो भंगारवाल्याच्या बायकोला. ती तो ऐवज पिशवीत घालून सरळ बसने आरोग्य कचेरीत गेली. तिला कुणी काही शिकवलेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका भौतिकशास्त्रज्ञाने किरणोत्सार मोजायचे यंत्र उसने आणले. कचेरीपासून बराच लांब असतानाच काटा टोकाला गेला. यंत्र बिघडले असे समजून तो परत जाऊन दुसरे घेऊन आला. तोवर अग्निशमन दलाला वर्दी गेली होती आणि ती पिशवी उचलून नदीत फेकायचे त्यांच्या मनात होते. तो वेळेवर पोचला म्हणून नदी वाचली. पुढे एका स्टेडियममध्ये रांगा लागल्या. एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी झाली, २४९ जणांच्या अंगावर वा शरीरात किरणोत्सारी द्रव्य सापडले, चौघे दगावले. त्यांत ती पिशवी नेणारी बाई होती आणि सहा वर्षांची एक मुलगी होती.

त्या अग्निशमनवाल्यांना मूर्ख म्हणू नका. नकोशी वस्तू नदीत टाकावी ही आपलीही वहिवाट आहे. त्यांना कुणी वर्गात बसवून सांगितले नव्हते, एवढेच. आणि ब्राझीलने जे मोल देऊन शिकून घेतले, ते आपल्या दिल्लीपर्यंत पोचायला २३ वर्षे पुरली नाहीत.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेले एक यंत्र होते, आत कोबाल्ट-६०. १९८५ पासून ते वापरात नव्हते. ते कशाचे आहे हे ठाऊक असलेले प्राध्यापक निवृत्त झाले. फेब्रुवारी २०१० मध्ये अडगळ काढताना त्याचाही लिलाव झाला. मायापुरीच्या भंगार बाजारात शिशाच्या लोभाने ते कापले गेले. कोबाल्टची शक्ती साधारण सव्वापाच वर्षांनी निम्मी होते, म्हणजे पंचवीस वर्षांत ती पुष्कळच ओसरली होती. तरीही एक माणूस गेला, आणखी काही जण महिनोन्‌महिने भाजल्याच्या जखमा घेऊन पडून राहिले. एकाने चमकणारा तुकडा पाकिटात ठेवला होता. मुंबईहून भाभा अणुसंशोधन केंद्राची माणसे धावली आणि गल्लीबोळांतून त्यांनी तुकडे वेचून काढले.

हे सारे उघडकीस आले ते एप्रिल २०१० च्या दुसऱ्या आठवड्यात. त्याच दिवसांत, १२ आणि १३ एप्रिलला, वॉशिंग्टनमध्ये अणुसुरक्षेची पहिली जागतिक शिखर परिषद भरली होती आणि पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे जाहीर करत होते, की भारत अणुऊर्जा सहकार्याचे एक जागतिक केंद्र उभारणार, देशोदेशीच्या लोकांना तिथे शिक्षण देणार. एका बाजूला ही घोषणा आणि दुसऱ्या बाजूला मायापुरीत तुकडे वेचणे चालू! कादंबरीत असे लिहिले असते तर संपादकाने 'फारच जुळवून आणलेय' म्हणून परत पाठवले असते. ते केंद्र पुढे हरियाणात बहादूरगडजवळ आले. मायापुरीहून ते काही फार लांब नाही.

टिंगल करण्याचा हेतू नाही. केंद्र निघाले ते उत्तमच झाले. तिथे अणुसुरक्षेची स्वतंत्र शाखा आहे, परदेशातले लोक येऊन शिकतात. अशी केंद्रे जपानने, दक्षिण कोरियाने, चीनने काढली. पाकिस्तानचे रावळपिंडीजवळ चकरी इथे आहे. अशा केंद्रांना एकमेकांशी जोडणारे एक जाळे व्हिएन्नाच्या संस्थेने २०१२ पासून विणले. शिकवणाऱ्यांनाच शिकवायचे, धडे एकमेकांना द्यायचे, उपकरण एकाकडे असेल आणि दुसऱ्याकडे नसेल तर हात द्यायचा, असा त्याचा बेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हिएन्नाजवळ झायबर्सडॉर्फला संस्थेने स्वतःचेच शिक्षण केंद्र उघडले. तिथे खरी कुंपणे, खरे सेन्सर, सामान तपासायची यंत्रे मांडून ठेवली आहेत. हे मला पटले. किल्लीचे लेक्चर ऐकण्यापेक्षा एकदा खोट्या दरोड्यात उभे राहावे. डुलकी येत नाही.

पण या कामासाठीचा पैसा बव्हंशी वर्गणीचा. २००२ पासून एक निधी आहे आणि ज्याला जमेल त्याने त्यात घालावे, अशी रीत. गणपतीच्या वर्गणीला निदान दाराशी पोरे येऊन उभी राहतात. हरवलेल्या आणि चोरलेल्या किरणोत्सारी मालाची नोंद ठेवणारी जागतिक वहीही आहे, १९९५ पासूनची. तिच्यात चार हजारांहून अधिक प्रकरणे आहेत. पण तिथे कळवणे न कळवणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. शाखेतला फरक हेड ऑफिसला कळवायचा की नाही हे मॅनेजरच्या मर्जीवर ठेवले असते, तर किती शाखांनी कळवला असता, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो पोकळ नाही. आपली कुलपे कशी आहेत हे परक्याला का दाखवायचे? मी म्हणतो, नकाच दाखवू. माझ्या बँकेने शेजारच्या बँकेला तिजोरीचा नंबर कधी दिला नाही. पण बनावट नोट कशी ओळखायची, कुठल्या शाखेला कशा रीतीने टोपी घातली गेली, हे चहाच्या टपरीवर सगळ्या बँकांचे कॅशियर एकमेकांना सांगत होते. त्यात कुणाचे गुपित फुटले नाही, वाचले मात्र पुष्कळ. २००९ मध्ये कारवारजवळच्या कैगा प्रकल्पात आतल्याच कुणी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये जड पाणी मिसळले आणि पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ट्रिटियम गेले. २०१४ मध्ये कल्पाक्कमला पहाऱ्यावरच्याच जवानाने आपल्या तीन सहकाऱ्यांना गोळ्या घातल्या. यांतून आपण काय शिकलो, हे चार देशांच्या वर्गात सांगायला आराखडे उघडावे लागत नाहीत. भीड मोडावी लागते.

सहकार्य मोडते ते मात्र फार पटकन. क्रिमियानंतर संबंध बिनसले आणि २०१४ च्या अखेरीस रशियाने अमेरिकेची अणुसुरक्षेतली बहुतेक मदत थांबवली. वीस वर्षांत जी माणसे एकमेकांना नावाने ओळखू लागली होती, त्यांचे येणेजाणे बंद झाले. २०१६ च्या शिखर परिषदेला रशिया आला नाही आणि त्यानंतर तशी परिषद झालीही नाही. २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेनच्या झापोरिझ्झिया अणुकेंद्रात, सहा भट्ट्यांच्या आवारात, रणगाडे शिरले. युरोपातले ते सर्वांत मोठे अणुकेंद्र. त्यासाठीचा धडा कुठल्याच वर्गात तयार नव्हता.

आणि तरी मला एका कागदाचे फार अप्रूप वाटते. ३१ डिसेंबर १९८८ रोजी भारत-पाकिस्तानने एक करार केला, की एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. त्यानुसार १९९२ पासून दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबईत २६/११ झाले, तरी नवीन वर्षाला यादी गेलीच. त्या यादीशेजारी आणखी एक कागद का जाऊ नये? वर्षभरात भंगारात काय सापडले, कुठला स्रोत हरवला, कुठे कोण चुकले आणि मग पहारेकऱ्यांना काय शिकवले. बहादूरगडच्या गुरुजींनी चकरीच्या गुरुजींना पाठवावा, त्यांनी इकडे. राजकारण्यांना फोटो काढायची गरज नाही. मायापुरीचे भंगार आणि कराचीचे भंगार यांत फार फरक नसावा.

आणि वर्ग भरवायचाच तर भंगार बाजारातही भरवा. तीन पात्यांचे ते पिवळे चिन्ह पाहून आपल्या माणसाला पंखा आठवतो. २००७ मध्ये नवे चिन्ह काढले, लाल रंगाचे, वर किरण, खाली कवटी आणि पळणारा माणूस. ते ठरवण्याआधी भारतासह ११ देशांतल्या साध्या माणसांना दाखवून विचारले होते, की यातून तुम्हाला काय कळते? मला तरी ही आंतरराष्ट्रीय सहकार्यातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. कुर्ल्याच्या भंगार गल्लीत ते किती दुकानांत लागले आहे, हे कुणीतरी जाऊन बघावे.

नोकरीची शेवटची चार वर्षे मला बँकेने प्रशिक्षण केंद्रातच टाकले. शिक्षा म्हणून की बक्षीस म्हणून, ते कळले नाही. जॉइंट कस्टडीचे लेक्चर माझ्याच वाट्याला. पहिली दोन वर्षे नियम वाचून दाखवला आणि समोर डुलक्या पाहिल्या. तिसऱ्या वर्षी एकदा, का कुणास ठाऊक, अण्णांची गोष्ट सांगितली, आरोपपत्रासकट. वर्गात सुई पडली तरी ऐकू आली असती. मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. नुकतीच लागलेली, सोलापूरकडची असावी.

"सर, वडील घरी आल्यावर तुम्ही किल्ली परत का नाही मागितली?"

मी म्हणालो, "अण्णांना वाईट वाटलं असतं."

तिने ते वहीत लिहून घेतले.